वणव्याचा धूर घरापर्यंत आला तर: पहिल्यांदाच सामोरं जाणाऱ्यांसाठी

वणवा लांब कुठंतरी डोंगरात पेटलेला असतो, ज्वाळा दिसतही नसतात, म्हणून धूर पहिल्यांदा येतो तेव्हा बरेच जण खिडक्या उघड्या ठेवून नेहमीची कामं करत राहतात. पण हा धूर शेकडो किलोमीटर प्रवास करतो. जून २०२३ मध्ये कॅनडाच्या क्विबेक प्रांतातल्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्कवर उतरला आणि भर दिवसा आकाश नारिंगी झालं. तिथल्या लोकांना वणव्याच्या धुराची सवयच नव्हती. तुमच्यावरही अशी वेळ नव्यानं आली असेल किंवा वणव्यांच्या प्रदेशात तुम्ही नुकतेच राहायला गेला असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. धुराचे मोसम काढल्यावर मला जे उपयोगी ठरलं असं वाटतं, ते सगळं क्रमानं सांगते.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. धुरानं किती नुकसान होईल हे तीन गोष्टींवर ठरतं: हवेत धूर किती आहे, त्या हवेत तुम्ही किती वेळ आहात आणि किती जोरात श्वास घेताय. धूर थांबवणं आपल्या हातात नाही, पण छातीत जाणारा धूर कमी करणं नक्की आहे. पुढची प्रत्येक पायरी या तिन्हींपैकी काहीतरी कमी करण्यासाठीच आहे.

१. नाकावर विसंबू नका, आकडा बघा

वणव्याच्या धुरात सगळ्यात घातक असतात ते सूक्ष्म कण, म्हणजे पीएम २.५. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान असे हे कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून त्यांचा आकार लक्षात येईल. नाकातले केस आणि घसा त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात आणि त्यांतले काही रक्तातही उतरतात. म्हणूनच धुराचा त्रास फक्त खोकल्यापुरता राहत नाही, हृदयावरही ताण येतो.

हे कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि वासावरून त्यांचा अंदाज येत नाही. धुराच्या वासाला नाक थोड्या वेळात सरावतं, मग हवा सुधारली असं वाटू लागतं. आकाशाचा रंगही फसवतो. ९ सप्टेंबर २०२० रोजी सॅन फ्रान्सिस्कोवर दिवसभर नारिंगी अंधार होता, पण धूर बराच वर असल्यानं जमिनीलगतची हवा त्या मानानं बरी होती. हवा खरी बिघडली ती पुढच्या दिवसांत, धूर खाली उतरल्यावर.

म्हणून हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, म्हणजे एक्यूआय, बघायची सवय लावा. इथंच नवे लोक दोन ठिकाणी फसतात.

पहिली फसगत मोजपट्टीची. प्रत्येक देशाचा एक्यूआय वेगळा असतो. हवेत घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम पीएम २.५ असेल, तर भारताच्या मोजपट्टीवर एक्यूआय १०० येतो आणि शेरा मिळतो ‘समाधानकारक’. त्याच हवेला अमेरिकेच्या मोजपट्टीवर १५० च्या वर आकडा मिळतो आणि शेरा असतो ‘आरोग्याला अपायकारक’. हवा तीच, फुप्फुसंही तीच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये २४ तासांच्या सरासरीसाठी १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचवली आहे. तेव्हा अ‍ॅपमध्ये नुसत्या एक्यूआयवर थांबू नका, पीएम २.५ किती मायक्रोग्रॅम आहे ते शोधा. तो आकडा कुठल्याही देशात सारखाच असतो.

दुसरी फसगत सरासरीची. भारताचा अधिकृत एक्यूआय पीएम २.५ ची २४ तासांची सरासरी घेऊन काढतात. धूर तासाभरात येतो, सरासरी मात्र सावकाश चढते. खिडकीबाहेर धूर दाटलेला आणि अ‍ॅपवर हिरवा रंग, असं दिसलं तर गेल्या तासाचा आकडा वेगळा मिळतो का ते बघा. लोकांनी घरांवर बसवलेले छोटे सेन्सर पटकन बदल दाखवतात, पण वणव्याच्या धुरात ते बरेचदा वास्तवापेक्षा जास्त आकडा देतात. दाट धुक्यातही तसंच. जवळच्या सरकारी केंद्राशी ताडून मगच निष्कर्ष काढावा. अमेरिकेत असाल तर एअरनाऊ या सरकारी संकेतस्थळाच्या ‘फायर अँड स्मोक’ नकाशावर अशा सेन्सरचे दुरुस्त केलेले आकडे मिळतात. वणवे नेमके कुठं पेटलेत हे पाहायला नासाचा ‘फर्म्स’ नकाशा जगभर चालतो. मात्र तो उष्ण ठिकाणं दाखवतो, तुमच्या दारातली हवा नाही.

अमेरिकी मोजपट्टीवर मी असं ठरवते: १०० पर्यंत नेहमीचे व्यवहार, १०१ ते १५० मध्ये मुलं, वयस्कर आणि आजारी माणसांनी बाहेरचे कष्ट टाळायचे, १५१ पासून सगळ्यांनीच टाळायचे, आणि २०० च्या पुढं अगदी गरज असेल तरच घराबाहेर.

२. घरात सर्वाधिक जपायचं कोणाला, ते आधीच ठरवा

दमा, सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होत जाणारा फुप्फुसाचा जुनाट आजार), हृदयविकार किंवा मधुमेह असलेली माणसं, गरोदर स्त्रिया, पासष्टीच्या पुढचे लोक आणि लहान मुलं. मुलांचं फुप्फुस अजून घडत असतं आणि वजनाच्या मानानं ती मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात. उघड्यावर काम करणारे कितीही धडधाकट असले तरी या यादीत येतातच, कारण ते धुरात जास्त वेळ असतात आणि श्वासही जोरात घेतात. विश्रांतीच्या वेळी माणूस मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. दमछाक होईल असं काम किंवा व्यायाम करताना हे प्रमाण दहापटीवरही जातं. धुरात तासभर पळणं आणि तासभर बसून राहणं यांत म्हणूनच एवढा फरक आहे. नियमित व्यायाम करणाऱ्यांना हे पटायला जड जातं, पण त्या दिवसांत व्यायाम घरात करा, नाहीतर सोडून द्या.

दम्याच्या रुग्णांनी मोसम सुरू होण्याआधीच डॉक्टरांकडून लेखी योजना करून घ्यावी: कुठलं लक्षण दिसलं की कुठला इनहेलर, किती वेळा, आणि दवाखाना कधी गाठायचा. धुराच्या ऐन दिवसांत दवाखान्यांत गर्दी असते, तेव्हा हे बोलायला निवांत वेळ मिळत नाही.

३. सामान आणि कागदपत्रं मोसमाआधी जमवा

धूर आला की मास्क आणि एअर प्युरिफायर दुकानांतून गायब होतात. म्हणून हे आधीच घरात असू द्या:

- घरातल्या प्रत्येकाच्या मापाचे, सूक्ष्म कण अडवणारे एन९५ किंवा एफएफपी२ दर्जाचे मास्क, थोडे जास्तीचे
- हेपा फिल्टरचा (सूक्ष्म कण अडवणाऱ्या दाट फिल्टरचा) एअर प्युरिफायर आणि त्याचा एक जादा फिल्टर
- दारं-खिडक्यांच्या फटींसाठी चिकटपट्टी आणि जुने टॉवेल
- सात ते दहा दिवस पुरतील एवढी रोजची औषधं, इनहेलर, नेब्युलायझरचं साहित्य
- कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र, चालू बॅटरीसह
- टॉर्च, पॉवर बँक

एका जलरोधक पाकिटात ओळखपत्रं, पासपोर्ट किंवा व्हिसा, घराची आणि विम्याची कागदपत्रं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, औषधांची नावं आणि मात्रा लिहिलेला कागद ठेवा. त्या सगळ्यांचे फोटो फोनमध्येही असू द्या. हे पाकीट धुरासाठी लागत नाही, पण वारा फिरून आग जवळ आली तर तेच आधी उचलायचं आहे.

४. एक स्वच्छ खोली तयार करा

संपूर्ण लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. अख्खं घर धूरमुक्त ठेवणं अवघड असतं, एक खोली ठेवणं जमतं. माणसाचा दिवसातला मोठा भाग झोपण्यात जातो, म्हणून शक्यतो झोपायचीच खोली निवडा. खिडक्या कमी असाव्यात, सगळे त्यात मावायला हवेत, आणि ती स्वयंपाकघराला लागून नसावी.

खिडक्या लावा, फटींना चिकटपट्टी मारा, दाराच्या खालच्या फटीत टॉवेल दाबा. स्वयंपाकघरातले आणि न्हाणीघरातले एक्झॉस्ट पंखे कामापुरतेच चालवा, कारण आतली हवा जेवढी बाहेर फेकली जाते तेवढीच बाहेरची धुरकट हवा फटींतून आत ओढली जाते. एसी असेल तर बाहेरची हवा घेणारी झडप बंद करून आतलीच हवा फिरवा. पाण्यावर चालणारा कूलर बंद ठेवा, तो सरळ बाहेरची हवा आत आणतो. सगळ्या घराला एकच वातानुकूलन यंत्रणा असेल तर तिला मर्व्ह १३ दर्जाचा फिल्टर (मर्व्ह म्हणजे फिल्टर कण किती अडवतो त्याची श्रेणी) चालतो का, ते तंत्रज्ञाला विचारून घ्या.

आता प्युरिफायर. जाहिरातीत लिहिलेल्या ‘एवढ्या मोठ्या खोलीसाठी’ या दाव्यावर जाऊ नका. खोक्यावर सीएडीआर नावाचा आकडा शोधा, म्हणजे यंत्र किती स्वच्छ हवा देतं त्याचं माप. तो बरेचदा धूर, धूळ आणि परागकणांसाठी वेगवेगळा दिलेला असतो. आपल्याला धुराचा हवा. सोपा हिशोब असा: खोली जेवढे चौरस फूट, तेवढा तरी सीएडीआर हवा, घनफूट प्रति मिनिटात. खोली १२ बाय १५ फुटांची असेल तर क्षेत्रफळ १८० चौरस फूट, म्हणजे सीएडीआर किमान १८०. आकडा घनमीटर प्रति तासात दिला असेल तर १८० ला १.७ नं गुणा, साधारण ३०६ येतील. हा हिशोब आठ फूट उंचीच्या छताचा आहे. छत उंच असेल तर मोठं यंत्र घ्या.

यंत्र ‘ऑटो’वर सोडू नका. त्यातला सेन्सर बरेचदा उशिरा जागा होतो. धुराच्या दिवसांत सहन होईल तेवढ्या वेगात सतत चालू ठेवा. यंत्र भिंतीला चिकटवून किंवा पडद्याआड ठेवलं तर हवा खेळत नाही. खोलीत धुराचा वास राहिला म्हणून यंत्र कुचकामी आहे असंही समजू नका. हेपा फिल्टर कण अडवतो, वायू नाही. वास वायूंचा असतो, त्यासाठी सक्रिय कोळशाचा जाड थर लागतो. ओझोन सोडणारी यंत्रं ‘हवा शुद्ध करणारी’ म्हणून विकली जातात, ती घरात आणूच नका. ओझोन स्वतःच फुप्फुसांना इजा करतो.

प्युरिफायर मिळाला नाही तर घरी करता येईल असा चांगला उपाय आहे. अमेरिकेत २०२० मध्ये रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेन्थल यांच्या कल्पनेतून एक पेटी तयार झाली: चौकोनी बॉक्स फॅन, त्याला चार बाजूंनी मर्व्ह १३ चे फिल्टर, तळाला पुठ्ठा, आणि सगळे सांधे चिकटपट्टीनं बंद. फिल्टरवरचा बाण पेटीच्या आतल्या बाजूला हवा, आणि पंख्यानं हवा वरून बाहेर फेकायला हवी. पंख्यासमोर पुठ्ठ्याचा गोल कापून बसवला, म्हणजे फक्त पात्यांपुरती जागा उघडी ठेवली, की कार्यक्षमता वाढते. एकच फिल्टर पंख्याच्या मागं चिकटवूनही काम होतं, पण मोटारीवर ताण जास्त येतो. पंखा नव्या बनावटीचा घ्या, वायर थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडा आणि घरात कोणी नसताना तो चालू ठेवू नका.

एवढं करून आत धूर केला तर सगळं वाया. उदबत्ती, मेणबत्ती, मच्छरांची कॉइल, सिगरेट बंद. तळणं-भाजणंही त्या दिवसांत शक्य तेवढं टाळा. झाडू आणि साधा व्हॅक्यूम क्लीनर बसलेले कण पुन्हा हवेत उडवतात, त्यापेक्षा ओल्या फडक्यानं पुसा.

एक इशारा मात्र अगदी कळकळीनं: बंद केलेल्या खोलीत शेगडी, कोळसा, गॅसचा हीटर किंवा जनरेटर चालवू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो झोपेतच जीव घेतो. धुरापासून वाचायला खोली बंद करायची आणि तिच्यातच हा विषारी वायू कोंडायचा, असं कोणाच्याही घरी होऊ नये.

बाहेरचा आकडा उतरला की लगेच खिडक्या उघडा आणि आतली कोंडलेली हवा जाऊ द्या. काही तासांचीच उसंत असली तरी ती घ्या. दरीत किंवा खोलगट भागात राहत असाल तर पहाटे धूर जास्त असण्याची शक्यता धरा. रात्री थंड हवा खाली बसते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण येतं, ते ऊन चढल्यावर सुटतं.

५. बाहेर जावंच लागलं तर

कापडी मास्क, सर्जिकल मास्क, तोंडाला बांधलेला ओला रुमाल: यांतल्या कशावरही भरवसा ठेवू नका. ओल्या रुमालानं घशाला बरं वाटतं, पण सूक्ष्म कण सरळ आत जातात. हवा तो एन९५, जो चाचणीतले किमान ९५ टक्के कण अडवतो, किंवा एफएफपी२, जो किमान ९४ टक्के अडवतो.

पण मास्कचा दर्जा जितका महत्त्वाचा, तितकंच त्याचं चेहऱ्याला घट्ट बसणं. दोन्ही पट्टे डोक्यामागून घ्या, एक वर आणि एक मानेवर. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून नाकाच्या आकाराला बसवा. मग मास्कवर ओंजळ धरून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडं किंवा गालावर वारा लागला तर फट आहे. दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला टेकतच नाही, त्यामुळं निदान या दिवसांपुरती दाढी काढणं इष्ट. श्वास घेणं जड झालं, मास्क मळला किंवा आकार बिघडला की टाकून द्या. धुऊन परत वापरू नका.

मुलांसाठी लहान मापाचे मास्क शोधावे लागतात, मोठ्यांचा मास्क त्यांना बसत नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला मास्क घालूच नका. बाळासाठी स्वच्छ खोली हाच उपाय. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, कारण मास्कमधून श्वास घ्यायला जास्त जोर लागतो. आणि हे मास्क वायू अडवत नाहीत, त्यामुळं मास्क आहे म्हणून आगीच्या जवळ जाऊ नका.

गाडीत काचा बंद, हवा आतल्या आत फिरवणारं बटण चालू. प्रवास लांबचा असेल तर धूर कमी असेल तिथं अधूनमधून ताजी हवा घ्या, नाहीतर बंद गाडीत गुंगी येते.

उघड्यावरचं काम करणाऱ्यांनी आपल्या भागातले नियम माहीत करून घ्यावेत. कॅलिफोर्नियात पीएम २.५ चा एक्यूआय १५१ किंवा त्याहून वर गेला की कामगारांना मास्क पुरवणं मालकावर बंधनकारक आहे. जिथं असा नियम नाही तिथंही कामाची वेळ बदलून मागणं, जड काम पुढं ढकलायला सांगणं यात काही गैर नाही.

६. उन्हाळा आणि धूर एकदम आले तर

हा सगळ्यात कठीण प्रसंग. खिडक्या लावल्या तर उकाडा, उघडल्या तर धूर. एसी नसेल आणि घर तापत असेल तर खिडक्या बंदच ठेवायचा हट्ट धरू नका. उष्माघात काही तासांत जीव घेऊ शकतो. अशा वेळी गारवा आणि गाळलेली हवा असलेल्या जागी जा: वाचनालय, मॉल, नातेवाइकांचं घर, प्रशासनानं उघडलेलं केंद्र. दिवसाचे चार-पाच तास तिथं काढले तरी शरीराला मोठा दिलासा मिळतो. एकट्या राहणाऱ्या वयस्कर शेजाऱ्यांनाही बरोबर न्या. ती स्वतःहून सांगत नाहीत.

पाणी भरपूर प्या, पण पाण्यानं धूर ‘धुऊन निघतो’ या समजुतीवर राहू नका. घसा ओला राहतो, एवढंच. कुंडीतली झाडं, वाफारे, काढे यांनी फुप्फुसातले कण बाहेर येत नाहीत.

७. शरीराचे इशारे

डोळ्यांची जळजळ, घसा खवखवणं, थोडा खोकला, डोकेदुखी हे सर्रास होतं आणि स्वच्छ हवेत गेल्यावर बहुधा कमी होतं. पण छातीत दुखणं किंवा दडपण, बोलतानाही धाप लागणं, इनहेलर घेऊनही आराम न पडणं, ओठ निळसर दिसणं, गोंधळल्यासारखं होणं, यांतलं काहीही दिसलं तर वाट न बघता तातडीची मदत बोलवा. त्रास कधीकधी धूर ओसरल्यावर एक-दोन दिवसांनीही उमटतो, तेव्हा आकाश निळं झालं म्हणून लक्ष काढून घेऊ नका. ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णाचा प्रवाह डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी-जास्त करायचा नाही.

८. निघायचं कधी

स्वच्छ खोली धुरापासून वाचवते, आगीपासून नाही. प्रशासनानं निघायला सांगितलं की निघायचं, प्युरिफायर छान चालला आहे हा विचारच करायचा नाही. गाडीत इंधन ठेवा, दोन वेगळ्या वाटा माहीत असू द्या, पाळीव प्राण्यांचं काय करायचं ते आधी ठरवा. आदेश नसतानाही घरात गंभीर आजारी माणूस असेल आणि धूर आठवडाभर हटायची चिन्हं नसतील, तर त्याला काही दिवस दुसऱ्या गावी हलवणं शहाणपणाचं. निघताना पुढच्या ठिकाणचा पीएम २.५ बघून घ्या, म्हणजे धुरातून निघून धुरातच जायची वेळ येत नाही.

९. धूर ओसरल्यावर

घर दारं-खिडक्या उघडून मोकळं करा. प्युरिफायरचा आणि एसीचा फिल्टर काढून बघा. धुराच्या दिवसांत तो कंपनीनं सांगितलेल्या मुदतीच्या खूप आधी काळा पडतो. पांघरुणं, पडदे धुवा.

अंगणात राख पडली असेल तर सुकी झाडू नका आणि ब्लोअर तर अजिबात लावू नका. आधी पाणी हलकं शिंपडा, मग ओल्या कपड्यानं किंवा मॉपनं गोळा करा. एन९५, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, आणि ते कपडे घरात आणण्याआधी बदला. मुलांना आणि कुत्र्यामांजरांना त्या जागेपासून दूर ठेवा. घरं किंवा गाड्या जळाल्या असतील तर राखेत शिसं, अ‍ॅस्बेस्टॉससारखे पदार्थ असू शकतात. ती साफसफाई स्वतः करू नका, स्थानिक प्रशासनाच्या सूचनांची वाट बघा. आणि नवा फिल्टर, मास्क याच आठवड्यात मागवून ठेवा, कारण पुढचा धूर आला की पुन्हा सगळेच दुकानात धावणार आहेत.